ओलावा शोषणारा डबा: पाणी भरलं, तरी बुरशी आली

पाण्याने काठोकाठ भरलेला तो पांढरा डबा मी दोन्ही हातांनी धरून कपाटातून बाहेर काढला, तेव्हा मागे उभी असलेली तिघं एकदम म्हणाली, "बापरे, केवढं पाणी खेचलंय!" कौतुकच होतं त्यांच्या आवाजात. आणि त्याच कपाटात, डब्यापासून वीतभर अंतरावर, काळ्या मखमली झग्याच्या खांद्यांवर कुणी पीठ भुरभुरावं तशी बुरशी बसली होती. पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरींवर काळे ठिपके. लोकरी कोटाला तो कुबट वास, जो एकदा नाकात शिरला की संध्याकाळपर्यंत जात नाही.

मी आमच्या हौशी नाटकमंडळाचा कपडेपट सांभाळते. अभिनय येत नाही, पाठांतर राहत नाही, पण मोजमाप आणि हिशेब जमतात, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि अकरा वर्षं झाली तरी उतरलेलं नाही. दोन उंच लाकडी कपाटं आणि सहा पेट्या. वर्षातून दोन-तीनदा कपडे बाहेर निघतात, बाकीचे दिवस बंद अंधारात. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना हवी असते ओल, स्तब्ध हवा आणि खायला काहीतरी. आमच्या कपड्यांत घाम आहे, मेकअपचं तेल आहे, कॉलरींना कडक खळ आहे. पंगतच मांडून ठेवल्यासारखी.

तर डब्याबद्दल. तुम्हीही पाहिला असेल: वरच्या जाळीत पांढरे खडे, त्यावर पातळ पांढरा कागद चिकटवलेला, खाली रिकामी जागा. खडे विरघळत जातात आणि खाली पाणी साठतं. ते खडे म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळून जाण्याइतकं ते हावरट असतं, आणि स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी गोळा करतं. जाहिरातीत काही खोटं नाही. डबा भरतो म्हणजे भरतोच. मी आठ महिन्यांत दोन कपाटांत मिळून नऊ डबे वापरले आणि एकही कोरडा निघाला नाही.

मग बुरशी का आली? त्या रात्री झोप लागेना म्हणून कागद घेऊन बसले. आमचं एक कपाट आतून साधारण एक घनमीटर. सत्तावीस अंशांना आणि ८० टक्के आर्द्रतेला तेवढ्या हवेत पाणी असतं जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे चार चमचे. डब्यात तर अर्धा लिटर होतं! ते कुठून आलं?

काही कपड्यांतून आलं. कपडा हाताला कोरडा लागतो, पण कोरडा नसतो. प्रमाणित हवेत, म्हणजे २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला, सुती कापड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी बाळगून असतं, रेशीम ११ टक्के, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. माझ्या कपाटात चाळीस किलो कपडे धरले, तर त्यांच्या पोटात तीन-चार लिटर पाणी नुसतं बसलेलं आहे. त्यापुढे अर्धा लिटर म्हणजे तोंड ओलं करण्यापुरतं.

आणि उरलेलं दाराच्या फटीतून आलं. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण त्या फटीतून माझं बोट जातं. डबा कपाट सुकवत नव्हता, तो बाहेरची अख्खी खोली सुकवायला निघाला होता, आणि खोलीची खिडकी दिवसभर उघडी. गळक्या होडीतून वाटीने पाणी उपसावं आणि वाटी प्रत्येक वेळी भरून निघते म्हणून खूश व्हावं, तसा प्रकार.

आणखी एक गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते. खडे शिल्लक असेपर्यंत त्या खारट पाण्याची ओढ जबरदस्त असते; बंद जागेत ते आर्द्रता तीस टक्क्यांच्या जवळ आणू शकतं. पण खडे संपले आणि पाणी पातळ होत गेलं, की ओढ कमी कमी होत जाते. काठोकाठ भरलेला डबा म्हणजे कधीचाच थकलेला डबा. आम्ही मात्र "भरलाय म्हणजे जोरात चालू आहे" असं समजून तो महिनाभर तसाच ठेवायचो.

बरं, तो सांडतो. आमच्यातल्या एका मुलाने टोप्यांची पेटी कपाटात सरकवताना डब्याला धक्का दिला आणि पेलाभर पाणी खालच्या खणात गेलं. तिथे चामड्याचे चार पट्टे आणि एक सैनिकी पाटलोण. पाटलोण मी ताबडतोब भरपूर पाण्यात तीन वेळा खळबळून वाचवली. पट्टे नाही वाचले. चामडं आवळून वाळक्या सालीसारखं झालं आणि बकलांना आठवडाभरात हिरवट गंज धरला. ते पाणी नुसतं पाणी नसतं, तीव्र खारं द्रावण असतं. कापडात राहिलं तर पुन्हा पुन्हा हवेतली ओल ओढत राहतं आणि तो डाग कधी वाळतच नाही. हाताला तेलकट, बुळबुळीत लागतं, त्यावरून ओळखता येतं. डबा ठेवायचाच असेल तर कपाटाच्या तळाला, पसरट ताटलीत, आणि त्याच्या खाली काहीही नको. टांगायच्या पिशव्याही मिळतात. त्यांत पाणी खालच्या पारदर्शक कप्प्यात जमतं, कलंडायची भीती कमी. पण हँगरच्या टोकाने एक पिशवी फाटलेली मी पाहिली आहे, म्हणून ती मी कोटांच्या मध्ये लटकवत नाही.

डब्याला पाचपैकी दोन. घट्ट बंद होणाऱ्या लहान जागेसाठी तीन देईन. फटी असलेल्या मोठ्या कपाटासाठी एकच, तोही मेहनतीचा.

आता ज्याला मी पाचपैकी पाच देते, ते यंत्र ओलावा शोषत नाही, काहीच करत नाही. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, समोर दोन आकडे: तापमान आणि आर्द्रता. हायग्रोमीटर. हे अकरा वर्षांपूर्वी घेतलं असतं तर मखमल वाचली असती.

बुरशीचं गणित बऱ्यापैकी साधं आहे. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर कपड्यांवर ती धरत नाही. पन्नासच्या आसपास असेल तर उत्तम. सत्तरच्या वर दिवसच्या दिवस राहिली की ठिपके आलेच म्हणून समजा. मीटर कपाटात ठेवला त्या पहिल्या रात्री ७८. डबा आत, खडे ताजे, दार बंद, आणि ७८. मी सकाळी पुन्हा पाहिलं, ७७. एवढ्या वर्षांच्या समजुतीचा निकाल दोन आकड्यांत लागला.

अर्थात स्वस्तातल्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी दोन घेतले, एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एक ५८ म्हणतो आणि दुसरा ६५. दोघांपैकी खरा कोण? यावर जुनी युक्ती आहे. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते टोपण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत घालून, पिशवी बंद करून, रात्रभर हलवायची नाही. मिठाच्या अशा लगद्यावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी माझा एक मीटर ७६ दाखवत होता, दुसरा ६९. दुसऱ्याच्या पाठीवर मी चिकटपट्टी लावून लिहिलं आहे: "अधिक सहा." अजून चालतोय.

मीटरमुळे एक विचित्र गोष्ट सापडली. दोन कपाटांपैकी बुरशी नेहमी एकातच, आणि त्यातही मागच्या बाजूला टांगलेल्या कपड्यांवर. आम्ही म्हणायचो, त्या कपाटाचं लाकूडच वाईट. एका थंड सकाळी मीटर पुढच्या बाजूला ठेवला तर ७०, मागच्या फळीला टेकवला तर अर्ध्या तासात ८० च्या वर. ते कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून उभं आहे. भिंत गार, म्हणून तिच्या लगतची हवाही गार, आणि गार हवेत पाणी कमी मावतं. खोलीत २५ अंश आणि ७० टक्के असेल, तर तीच हवा २१ अंशांच्या भिंतीला टेकली की नव्वदीच्या आसपास जाते. एक थेंब पाणी न वाढता. आम्ही चौघांनी मिळून ते कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. फुकटातला उपाय, आणि मी केलेल्या सगळ्या खटाटोपांत सर्वांत जास्त फरक यानेच पडला. कपाटामागे काय काय सापडलं ते सांगत नाही. एक मिशी मात्र सापडली, जी तीन प्रयोगांपूर्वी हरवली होती.

सिलिका जेलबद्दल थोडं, कारण लोक पर्स आणि बुटांच्या खोक्यांतल्या त्या चिमुकल्या पुड्या जपून ठेवतात आणि पेटीत टाकतात. माझी आईही ठेवायची. दोन ग्रॅमची पुडी उचलून उचलून अर्धा-पाऊण ग्रॅम पाणी उचलते, आणि तुमच्या हातात येईपर्यंत ती बहुधा भरलेली असते. कपड्यांच्या पेटीत तिचा उपयोग मानसिक. पण तेच जेल अर्धा किलो घेतलं तर चित्र बदलतं. मी रंग बदलणारे नारिंगी मणी घेतले, सुती पिशवीत शिवले. निळे मणी मिळत होते, ते घेतले नाहीत. त्यातला निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते शरीराला चांगलं नाही.

रबरी पट्टीचं झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत आठ किलो सुती कपडे होते, आत ७२ टक्के. पिशवी ठेवताना वजन ५०० ग्रॅम. पाच दिवसांनी काढली तेव्हा ६२५, मणी हिरवट काळे, आणि पेटीत ६०. मग मणी ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास तापवले, पुन्हा नारिंगी झाले, पुन्हा आत. दुसऱ्या फेरीनंतर ५४. तिथून पुढे दीड महिना पेटी न उघडता ५५ च्या वर गेली नाही. हे मला फार आवडलं. काही सांडत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतं, आणि तराजू खोटं बोलत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण यासाठी कापला की मण्यांची पिशवी तापवायला जेव्हा काढायची असते तेव्हा नेमका तालमीचा आठवडा असतो. आणि फटीच्या कपाटात हेही तितकंच निरुपयोगी, हे लक्षात ठेवा. झाकण घट्ट असेल तरच.

डांबरगोळ्या? त्या किड्यांसाठी. ओल त्या शोषत नाहीत. कपडेपटात पिढ्यान् पिढ्या "गोळ्या टाकल्यात ना?" एवढंच विचारलं जातं, आणि वास आला की सगळ्यांचं समाधान होतं. नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर युरोपीय संघाने २००८ मध्ये बंदी आणली ती उगाच नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी याने फुटू शकतात, आणि लहान मुलांनी गोळी तोंडात घालणं तर कुणालाच नको. आमच्या नाटकांत लहान मुलं असतात. मी गोळ्या बंद केल्या त्यावरून एका ज्येष्ठ सभासदांनी माझ्याशी दोन बैठका अबोला धरला. कोळशाच्या पिशव्या वास थोडा ओढतात, ओल नाममात्र. कपाटात दिवा लावून ठेवणे हा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या, कापडाजवळ तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण.

आता बुरशी आलेली काढायची कशी. इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या आहेत.

पहिली चूक: उत्साहाने खोलीतच कपडे झटकले. ती पांढरी पूड म्हणजे बीजाणूच. झटकले की सगळ्या खोलीत, शेजारच्या पेटीतसुद्धा. आता बुरशीचा कपडा दिसला की मोठ्या पिशवीत गुंडाळून उघड्यावर न्यायचा, तोंडावर एन-९५ मास्क, हातात मोजे, आणि मऊ ब्रशने वाऱ्याच्या दिशेला. मेलेली बुरशीसुद्धा नाकाला आणि दम्याला त्रास देते. मग ऊन. उन्हाने दोन कामं होतात, कपडा आतून सुकतो आणि बुरशी कमजोर होते. रंगीत कपडा उलटा करून, नाहीतर खांद्यांचा रंग उडून पाठ वेगळी आणि पोट वेगळं दिसतं.

पांढऱ्या सुती सदऱ्यांसाठी मी ऑक्सिजन ब्लीचची पूड वापरली, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात गेल्यावर त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. गार पाण्यात ही पूड आळशी असते, हे मला दोन बादल्या वाया घालवून कळलं. पाणी चाळीस अंशांच्या वर हवं, हाताला चांगलं गरम लागेल असं. सात सदरे बुडवले, सहा तास ठेवले, बारीक बुडबुडे येत होते. धुतल्यावर पाच सदरे स्वच्छ. सहाव्यावर फिकट राखाडी सावली, ती दुसऱ्या भिजवणीत गेली. सातव्याच्या कॉलरवर मात्र ती राहिलीच. काळ्या बुरशीचा रंग तिच्या पेशींतल्या मेलॅनिनचा असतो. बुरशी मरते, रंग धाग्यात राहतो. शिवाय ती सुताचा सेल्युलोज खाते. त्या कॉलरचं कापड नखाने ओढलं तर विरतं, म्हणजे डाग गेला असता तरी कॉलर बदलायचीच होती. ठिपका पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका आणि ड्रायरमध्ये टाकू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

पितळी बटणं आधी काढून घ्या. मी नाही काढली. आणि ही पूड कालवलेलं पाणी उरलं म्हणून बाटलीत भरून बूच लावू नका, आत वायू साठतो. पूड म्हणून चार. लोकर आणि रेशमाला मात्र ती चालत नाही, सोडा त्यांना खातो.

साध्या क्लोरीन ब्लीचचं आमच्याकडचं एकच उदाहरण सांगते. एका हौशी मदतनिसाने पांढऱ्या लोकरी शालीवरचा ठिपका घालवायला ते कापसाने लावलं. ठिपका गेला. शाल त्या जागी आधी पिवळी झाली, मग चिकट, मग तिथे भोक. लोकर आणि रेशीम दोन्ही प्रथिनं, आणि ब्लीच त्यांना विरघळवतं. त्याच मदतनिसाच्या हातात दुसरी बाटली व्हिनेगरची होती. मी ओरडले नसते तर त्याने दोन्ही एकत्र केलं असतं, आणि त्यातून क्लोरीन वायू निघतो. त्यानंतर दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवायच्या नाहीत असा कपडेपटाचा नियम झाला.

व्हिनेगरबद्दल लोक जरा जास्तच बोलतात. पांढरं, पाच टक्क्यांचं, एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं करून मी खळबळायच्या शेवटच्या पाण्यात वापरते. कुबट वास खरंच उतरतो. काळे ठिपके? नाही. सगळ्या जातींच्या बुरशीवर त्याचा सारखा परिणाम होतही नाही. वासासाठी तीन, डागासाठी शून्य.

मखमलीचा झगा हे वेगळंच दुखणं. त्याला भिजवता येत नाही, घासलं तर लव दबते. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगला, मग बाहेर अंगणात नेऊन व्हॅक्यूमच्या नळीला पातळ मलमल बांधली, ओढ सर्वांत कमी ठेवली आणि लवेच्या दिशेने, न टेकवता, बोटभर अंतरावरून फिरवली. मलमलीवर राखाडी थर जमला. घरात हे करायचं असेल तर हेपा फिल्टर असलेलाच व्हॅक्यूम हवा, नाहीतर तो पुढून ओढून मागून सगळं हवेत सोडतो. वरची पांढरी गेली. खांद्यावर तिरक्या उजेडात दिसणारी एक मातकट छटा राहिली आहे. रंगमंचावर दिसत नाही. मला दिसते.

लोकरी कोट ड्रायक्लीनिंगला दिला. ज्याच्याकडे दिला त्याचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी. मी "साफ करून द्या" म्हटलं, बुरशी आहे हे सांगितलं नाही. तिथे वापरतात ते द्रावण तेलकट डागांवर उत्तम चालतं, बुरशीच्या ठिपक्यांवर वेगळी प्रक्रिया करावी लागते, आणि ते आधी सांगितलं तरच होतं. कोट परत आला तो प्लास्टिकच्या झुळझुळीत आवरणात, आतून किंचित ओलसर. आणि मी तो तसाच, आवरणासकट, कपाटात टांगला! तीन आठवड्यांनी आवरणाच्या आत वास. ते आवरण दुकानापासून घरापर्यंत धूळ लागू नये म्हणून असतं, साठवणीसाठी नाही. आता कोट घरी आला की आधी आवरण फाडायचं, एक दिवस वाऱ्यावर, मग सुती पिशवीत.

एक सुटलंच. हवा ओढून चपट्या करायच्या त्या पिशव्या. पूर्ण कोरडे कपडे असतील तर बाहेरची ओल आत येत नाही, हे खरं. पण "पूर्ण कोरडे" हे शब्द फार मोठे आहेत. ओल्या हवेच्या दिवसांत भरलेली पिशवी म्हणजे ओल सीलबंद करून ठेवणं. मी कपडे मीटरवर पन्नासच्या खाली असलेल्या खोलीत दोन दिवस पसरून मगच भरते. आणि मखमल, चामडं, खऱ्या केसांच्या दाढ्या त्यात कधीच नाही. उघडल्यावर त्या दाढीकडे पाहून नट रडतो.

खळीचे कपडे मात्र मी धुऊनच ठेवायला लागले. कडक कॉलर म्हणजे पिष्ट, बुरशीचं आवडतं जेवण. प्रयोगाच्या आदल्या दिवशी पुन्हा खळ करायची. शिंपीकाका म्हणाले, "ताई, दुप्पट काम झालं." झालं खरं. सातव्या सदऱ्याची नवी कॉलर त्यांनीच लावली आहे, आणि त्यासाठी मला तीन दिवस ऐकवलं.

सध्याची मांडणी अशी: कपाटं भिंतीपासून पुढे, दाराच्या कडांना रबरी पट्टी, किंमती कपडे झाकणाच्या पेट्यांत जेलसह. नवे डबे घेणं बंद. पूर्वीचे दोन उरले होते, ते लहान बंद खणात ताटलीत आहेत. खोलीला वीजेवर चालणारा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत जमवणारं यंत्र, मंडळाने या वर्षी घेतला, कॉम्प्रेसरवाला. छोटे, आवाज न करणारे, अर्धसंवाहक पट्टीवर चालणारे मिळतात ते एका पेटीलाही पुरत नाहीत, एक वापरून पाहिला आणि परत केला. मोठा मात्र एका रात्रीत टाकी भरतो. आणि हो, त्याचीही टाकी भरलेली पाहून आमची मंडळी "बापरे" म्हणतात. मी आधी मीटर बघते.

दोन मीटर आहेत, एक कपाटात, एक खोलीत. तापमान सारखं असेल तर साधा ठोकताळा: बाहेर आकडा कमी असेल तरच दार उघडायचं. परवा रात्री त्या टोप्यांची पेटी ढकलणाऱ्या मुलाचाच फोन आला. आता तोच आठवड्याच्या नोंदी घेतो.

"ताई, आत चौसष्ट दाखवतंय. दार उघडून ठेवू का?"

"बाहेर किती?"

थोडा वेळ काही नाही, फक्त चपलांचा आवाज. "एकाहत्तर."

"अधिक सहावाला बघतोयस का?"

"अरे हो. मग सत्त्याहत्तर."

"मग बंदच ठेव. आणि मशीन लाव."